अनुभव धागा: रमजानमधला प्रवास

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये तो मे-जूनच्या उन्हात होता, २०२६ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि २०३० मध्ये तर दोनदा येणार आहे: जानेवारीत एकदा, डिसेंबर सरता सरता पुन्हा. म्हणजे इजिप्त, ओमान, मोरोक्को ज्या थंडीत बघायचे, नेमके तेच दिवस. सहलवाले 'रमजान टाळा' एवढं सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. यजमानांच्या महिन्याचा मान राखून कसे फिरलात, कुठे अडलं, काय गवसलं, ते तपशिलात लिहा. ऐकीव नको, स्वतःचं हवं.

मस्कतची मावशी
आम्ही इथेच राहतो, त्यामुळे हिवाळ्यात पुण्या-नाशिकहून पाहुणे असतातच. ओमानमध्ये रमजानात दिवसा उघड्यावर खाणं, पाणी पिणं, सिगारेट ओढणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि तो नियम बिगर-मुस्लिमांनाही लागू आहे. गाडीत बसूनही बाटली तोंडाला लावू नये. लहान मुलांना कुणी काही म्हणत नाही, तरी आडोशाला भरवावं. घरात किंवा हॉटेलच्या खोलीत मात्र खुशाल खा.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांच्या मधुमेहाची काळजी होती. निझव्याचा किल्ला तर त्यांना बघायचाच होता. सकाळी घरून पोटभर पोहे खाऊन निघालो, आणि तिथे दुपारपुरती एक खोली घेतली. डबा, गोळी, तासभर झोप, सगळं तिथेच. दोन पैसे जास्त गेले, पण त्यांचे हाल झाले नाहीत आणि कुणाच्या रोज्यासमोर आमचा डबा उघडला नाही. किल्ल्याच्या आणि दुकानांच्या वेळा या महिन्यात बदलतात, त्या आदल्या दिवशी फोन करून विचारा.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले. सुलतान काबूस मशिदीत बायकांनी मनगटापर्यंत हात, घोट्यापर्यंत पाय आणि डोकंही झाकायचं.

नाईलकाठी
कैरोबद्दल सविस्तर लिहितो, कारण मला ते शहर रमजानातच खरं कळलं.

गल्लीगल्लीत या घरापासून त्या घरापर्यंत रंगीत पताका आणि फानूस, म्हणजे पत्र्याचे-काचेचे कंदील. दिवसा सगळं मंद चालतं. ऐतिहासिक स्थळं लवकर बंद होतात, म्हणून पिरॅमिडला सकाळी उघडताच गेलो. सूर्यास्ताआधीचे दोन तास मात्र जपा. सगळं शहर एकाच वेळी घराकडे धावतं, टॅक्सी मिळत नाही, मिळालीच तर चालक तहानलेला असतो आणि त्याच्या घरी ताटं वाढलेली असतात. अशा वेळी भाड्यावरून घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं.

मी एकदा महामार्गावरच्या बसमध्ये होतो. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची आणि रोजा सोडायची वेळ झाली आणि रस्त्याकडेला उभ्या पोरांनी हात करून बस थांबवली. खिडकीतून आत खजुराच्या पुड्या आल्या, चिंचेच्या सरबताच्या थंडगार पिशव्या आल्या, सुटं पाणी आलं. कोण कुठला, कुणी विचारलं नाही. मी नको म्हणून हात हलवला, तर शेजारच्या आजोबांनी माझा हात धरून त्यात पुडी ठेवली. त्यांनी स्वतःचा पहिला खजूर तोंडात घातल्यावर मग मीही घातला.

शहरात रस्त्यावर लांबच लांब टेबलं मांडतात, त्यांना मवाईद अल-रहमान म्हणतात. येईल त्याला जेवण, फुकट. बोलावलं तर जरूर बसा, पण ती सोय मुख्यतः गरिबांसाठी आणि घरापासून लांब असलेल्यांसाठी आहे. गंमत म्हणून रोज जागा अडवू नका, जेवणाऱ्यांचे फोटो तर नकोच. रात्री दहानंतर अल-हुसेन मशिदीच्या परिसरात आणि खान अल-खलीली बाजारात फिरा, पहाटेपर्यंत जाग असते.

शाकाहारी मंडळींसाठी: फूल, म्हणजे शिजवलेला बाकला, डाळीचं सूप, पाव, खजूर. उपाशी राहत नाही.

चैत्रपालवी
दुबईत नोकरी करते. २०२१ पासून इथल्या रेस्टॉरंटना दिवसा पडदे लावायची सक्ती उरली नाही, त्यामुळे आत बसून जेवता येतं. शारजात नियम जास्त कडक आहेत. कामाचे रोजचे तास खासगी क्षेत्रात सगळ्यांसाठीच दोनने कमी होतात, धर्म कुठलाही असो.

मला सांगायचंय ते वेगळंच. 'आज रोजा आहे का?' असं कुणालाही विचारू नका, बाईला तर नाहीच. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो. आजारपण, गरोदरपण, प्रवास यांतही सूट असते. सगळ्यांसमोर विचारलं की त्या बाईला काय उत्तर द्यावं कळत नाही. माझी सहकारी अशा दिवसांत गुपचूप माझ्या केबिनमध्ये येऊन पाणी प्यायची. मी दार लावून घ्यायचे, बाकी चकार शब्द नाही.

भटक्या सांगलीकर
मोरोक्कोला जाणाऱ्यांनी घड्याळ सांभाळा! रमजानपुरती तिथली वेळ एक तास मागे नेतात, ईदनंतर पुन्हा पुढे. गाडी आणि विमानाची वेळ दोनदा तपासा. हरीरा सूपमध्ये बहुधा मटण असतं, शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं.

सोनसळी
इस्तंबूलमध्ये एवढं जपावं लागत नाही, उपाहारगृहं दिवसभर उघडी असतात. तरी मी रस्त्याने खात चालले नाही. संध्याकाळी बेकरीसमोर गरम पिदे पावासाठी रांग लागते, तिथे उभं राहावं, मधे घुसू नये. सुलतानअहमद चौकात कुटुंबं चादरी अंथरून इफ्तार करतात. आपलं खाणं घेऊन शेजारी बसलं की वाटावाटी आपोआप सुरू होते. पहाटे सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाला, उठवणारे ढोलवाले येतात, त्याबद्दल हॉटेलात तक्रार करू नका.

नाईलकाठी
एक राहिलंच. ईदला लागून प्रवास ठेवू नका. कैरोत दुकानं, कार्यालयं दोन-तीन दिवस बंद असतात. इंडोनेशियात तर ईदच्या आधी अख्खी जकार्ता गावी निघते, मुदिक म्हणतात त्याला. रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली असतात. जी उरली असतील ती गावी जाणाऱ्यांना लागतात, आपण आठवडाभर थांबावं.