मदत हवी आहे: शेनांडोआत आई-बाबा आणि मुलांना घेऊन छोटे शिखर-ट्रेल

रानजाई_व्हर्जिनिया: ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी एका दिवसासाठी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या शेनांडोआ नॅशनल पार्कला जायचं आहे. वॉशिंग्टन डीसीच्या बाजूने सकाळी निघू. आई-बाबा (६६ आणि ७०, पुण्याहून आलेत, चालायची सवय आहे, पण आईचा गुडघा उतारावर दुखतो) आणि मुलं ७ व ११ वर्षांची. माथ्यावर पोहोचल्याचं समाधान हवं, पण एका ट्रेलची चाल दोन-अडीच मैलांच्या आत. स्टोनी मॅन, हॉक्सबिल, बेअरफेन्स, ब्लॅकरॉक ही नावं मिळाली आहेत. नवऱ्याला ओल्ड रॅग हा डोंगरही करायचाय. काय ठेवू, काय गाळू?

घाटवाट: सगळ्यात आधी ब्लॅकरॉक गाळा. ट्रेल म्हणून तो यादीतला सर्वात सोपा आहे, जेमतेम मैलभर चाल आणि १७५ फूट चढ. पण तो स्कायलाईन ड्राइव्हच्या (पार्कातून डोंगररांगेवरून जाणारा रस्ता) ८४.८ मैलावर आहे आणि बाकीचे तिन्ही ४१ ते ५७ मैलांच्या दरम्यान. वेगमर्यादा ताशी ३५ मैल. म्हणजे स्टोनी मॅनजवळच्या स्कायलँड रिसॉर्टहून तिथे जायलाच सव्वा तास, आणि परतीचा वेगळा.

फ्रंट रॉयलच्या प्रवेशद्वारातूनही आत शिरू नका. तिथून ड्राइव्हचा शून्य मैल सुरू होतो आणि स्टोनी मॅनपर्यंत ४२ मैल वळणावळणाचे काढावे लागतात. मुलांना गाडी लागत असेल तर तिथेच दिवस संपला. वॉरेंटन, स्पेरीव्हिल करत थॉर्नटन गॅपला (३१.५ मैल) आत शिरा, पुढे फक्त दहा मैल उरतात. नेव्हिगेशनमध्ये नुसतं पार्कचं नाव टाकू नका, भलत्याच बंद रस्त्याच्या टोकाला नेऊन सोडतं. ‘थॉर्नटन गॅप एंट्रन्स’ असंच टाका. आत फोनला रेंजचा भरवसा नाही, तेव्हा नकाशा उतरवून घ्या आणि रस्त्याच्या पश्चिम कडेचे मैलाचे दगड बघत जा.

घाटवाट: आता ट्रेल. अंतर बघून निवडू नका, चढ किती अंतरात आहे ते बघा.

स्टोनी मॅन (४१.७ मैल, स्कायलँडचं उत्तरेकडचं प्रवेशद्वार): जाऊन-येऊन १.६ मैल, चढ ३४० फूट. पर्वती न थांबता चढणाऱ्या माणसाला काहीच नाही. सुरुवातीला अ‍ॅपलेशियन ट्रेलच्या (पार्कातून जाणारी लांब पल्ल्याची पायवाट) पांढऱ्या खुणा असतात, पुढे फाट्यावर त्या सोडून निळ्या धरायच्या. पांढऱ्यावरच चालत राहिलात तर लिटल स्टोनी मॅनकडे उतरू लागाल आणि तेवढं पुन्हा चढावं लागेल. फाट्यावर सिमेंटचा खांब आणि त्यावर धातूची पट्टी असते, ती थांबून वाचा. माथ्यावर कातळाची उघडी कड आहे, कठडा नाही. सात वर्षांच्या मुलाचा हात सोडू नका.

हॉक्सबिल हे ४,०५१ फुटांवरचं पार्कातलं सर्वोच्च शिखर. दोन वाटा आहेत आणि लोक नेमकी चुकीची घेतात. ४५.५ मैलावरची लोअर वाट १.७ मैलांची म्हणून जवळची वाटते, पण ६९० फूट चढ जेमतेम पाऊण-एक मैलात अंगावर येतो. ऑक्टोबरात वाळक्या पानांखाली सुटे दगड आणि ओकची फळं दिसत नाहीत, उतरताना पाय सटकतो तो तिथेच. आईंसाठी ४६.५ मैलावरची अप्पर वाट घ्या: २.१ मैल, ५२० फूट, चढ सौम्य, शेवटचा टप्पा रुंद रस्त्याचा.

नवरा आणि ११ वर्षांच्या मुलाला दम काढायचा असेल तर त्यांना ४५.५ ला उतरवा, गाडी एक मैल पुढे ४६.५ ला लावा, माथ्यावरच्या दगडी चौथऱ्यावर भेटा आणि सगळे अप्परनेच उतरा.

कातळवेडी: बेअरफेन्स (५६.४ मैल) नक्की ठेवा! छोटा ट्रेल, पण हात-पाय वापरून कातळ चढायचा. सात वर्षांची मुलं मजेत करतात.

घाटवाट: मुलं करतात, प्रश्न त्यांच्यामागे कोण असेल हा आहे. दोन मुलांना दोन मोठे लागतात, मग आई-बाबांबरोबर कोण? शिवाय कातळ ग्रीनस्टोनचा, म्हणजे जुन्या लाव्हाचा, आणि सकाळच्या दवानेही निसरडा होतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर विषय बंद. जायचंच तर कातळाच्या बाजूने चढा आणि अ‍ॅपलेशियन ट्रेलवरून वळसा घालून परत या. आल्या वाटेने उतरायला गेलं की वर येणाऱ्यांशी गाठ पडते आणि पाय ठेवायची जागा दिसत नाही. काठ्या, फोन सगळं सॅकमध्ये, दोन्ही हात मोकळे. आई-बाबांना त्याच पार्किंगमधून कातळ टाळून व्ह्यूपॉइंटला जाता येतं. चहूबाजूंचं दृश्य मात्र कातळावरूनच.

कातळवेडी: मान्य, चार ट्रेलमध्ये तोच कठीण आहे. एक राहिलं: कुत्रा असेल तर स्टोनी मॅन आणि बेअरफेन्स दोन्हीकडे बंदी आहे.

पानगळ: तिसरा शनिवार म्हणजे रंगांची ऐन गर्दी. साडेआठच्या आत गेटवर असा. प्रवेश गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतो, आधी ऑनलाइन घेता येतो. ज्येष्ठांचा सवलतीचा सिनिअर पास पाहुण्या आई-बाबांना मिळत नाही, तो नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठीच आहे.

स्टोनी मॅन आधी करा, त्याचं पार्किंग छोटं आहे. वर खालच्यापेक्षा साधारण १० अंश फॅरनहाइट थंड असतं, माथ्यावर वारा निराळा. खाली लख्ख ऊन आणि डोंगररांगेवर ढग बसलेला असंही होतं, म्हणून निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावरचा वेबकॅम बघा. ट्रेलच्या तोंडाशी स्वच्छतागृह धरून चालू नका, स्कायलँड किंवा बिग मेडोजला (५१ मैल) उरका. पेट्रोलसाठी ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, टाकी भरून या. ठेपल्यांचा तुकडासुद्धा मागे ठेवू नका, अस्वलं आहेत. आणि गोचिडी ऑक्टोबरातही असतात: पूर्ण पँट, मोजे वर, वाटेच्या मधून चाला, घरी गेल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग आणि केसांची मुळं तपासा.

रानजाई_व्हर्जिनिया: खूप आभार. म्हणजे स्टोनी मॅन, स्कायलँडला जेवण, मग हॉक्सबिल अप्पर. बेअरफेन्स हवा कोरडी असेल तरच. ओल्ड रॅगचं काय?

घाटवाट: तो या दिवसात बसत नाही. नऊ मैलांच्या वर चाल, वर कातळातली लांब चढाई, आणि ड्राइव्हवरून तिथे गाडीने पोहोचता येत नाही, पायथ्याचं पार्किंग पूर्वेकडून बाहेरून आहे. १ मार्च ते ३० नोव्हेंबर दिवसाचं वेगळं तिकीट आधी काढावं लागतं. नवऱ्याला आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सुट्टी काढून जाऊ द्या.