विषय: आईबाबांना घेऊन शांत कुठे जावं?

प्रेषक: वीझनची शेजारीण

नमस्कार मंडळी,

आमचं घर तेरेझियनवीझपासून चालत सात मिनिटांवर आहे. ज्यांना याचा अर्थ कळला त्यांनी या परिच्छेदाचा उरलेला भाग सोडून द्यावा. बाकीच्यांसाठी: येत्या शनिवारनंतरच्या शनिवारपासून दोन आठवडे आमच्या दारात चामड्याच्या चड्ड्या घातलेली माणसं गातात, भांडतात, झोपतात, आणि सकाळी पायरी धुवावी लागते. यंदा आईबाबा डोंबिवलीहून आलेत. बाबांना ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे तिथल्या मैदानावरचा बिअरचा उत्सव, काय असतो ते समजावलं, तर म्हणाले, "आपल्याकडे मिरवणूक एक रात्र असते. तुमच्याकडे सोळा दिवस?"

तर पहिल्या आठवड्यात पाच-सहा दिवस म्युनिकबाहेर पळायचं आहे. आमच्याकडे गाडी नाही. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई पूर्ण शाकाहारी, लेक चार वर्षांची. दोघांना डोंबिवलीच्या गर्दीनंतर जरा निवांतपणा मिळावा एवढीच इच्छा. ऑस्ट्रियातल्या हॉलश्टाट गावाचे फोटो छान वाटले. कोणी जाऊन आलंय का?

---

प्रेषक: पासिंगचे काका

हॉलश्टाट? शांततेसाठी? त्यापेक्षा दादरच्या पुलावर घोंगडी टाका, तिकीट तरी वाचेल.

अहो, गावाची वस्ती आठशेच्या आत. तिथे उन्हाळ्यात बसेसच्या बसेस रिकाम्या होतात. 2023 मध्ये गावकऱ्यांनी वैतागून फोटो काढायच्या जागेसमोर लाकडी कुंपणच उभं केलं होतं. आरडाओरडा झाला म्हणून काढलं. ज्या गावाला पाहुण्यांसमोर कुंपण घालावंसं वाटतं तिथे आईवडिलांना कशाला नेता?

जवळचं हवं तर बेर्श्टेसगाडनच्या बाजूचं रामसाऊ बघा. आल्प्समधल्या काही गावांना पर्वतारोहण संघटनांनी 'बेर्गश्टायगरडोर्फ', म्हणजे गिर्यारोहकांचं गाव, असा दर्जा दिलाय. ऑस्ट्रियात 2008 ला सुरुवात झाली आणि जर्मनीत हा दर्जा सगळ्यात आधी रामसाऊला मिळाला, 2015 मध्ये. अट साधी: डोंगर पोखरून मोठमोठ्या स्की लिफ्टा उभारायच्या नाहीत, गाव गावासारखं ठेवायचं. मात्र शनिवार-रविवारी टाळा. निम्मं म्युनिक तिथल्या हिंटरझे तळ्यावर असतं, आणि त्यातलं निम्मं आपल्या मराठी मंडळाचं.

---

प्रेषक: बर्लिनला गेलेली ताई

बर्लिनला येऊन तीन वर्षं झाली तरी मंडळाच्या या मेलच्या यादीतून नाव काढलेलं नाही, कारण तुमच्या मेल वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

हिडनझे! बाल्टिक समुद्रातलं बेट, र्युगनच्या पश्चिमेला. साधारण सतरा किलोमीटर लांब, चिंचोळं, वस्ती हजारेक. खाजगी गाड्यांना बंदी, त्यामुळे सायकल नाहीतर घोडागाडी. आम्ही बोटीतून उतरलो आणि सामान हातगाडीवर टाकून ओढत नेलं, तेव्हा मला माथेरान आठवलं. फक्त इथे माकडं नाहीत. क्लोस्टर गावात गेरहार्ट हाउप्टमान या नोबेल मिळालेल्या नाटककाराची कबर आहे. मी गेले तेव्हा तिथे एक आजी शांतपणे सॅंडविच खात बसल्या होत्या.

म्युनिकहून मात्र लांब पडेल. अख्खा दिवस गाडीत, वर बोट. गुडघ्यांचं तुम्ही बघा.

---

प्रेषक: कार्यवाह

सर्वांना नम्र विनंती: मंडळाचं मोठं मोदकपात्र (तीन थरांचं, झाकणावर लाल दोरा) गणपतीनंतर सापडत नाही. ज्यांच्याकडे चुकून गेलं असेल त्यांनी कळवावं. आणि सहलीचे सल्ले शक्यतो थेट पाठवावेत, सगळ्यांना नको.

---

प्रेषक: गार्शिंगवाला

कार्यवाहांची माफी मागून सगळ्यांनाच पाठवतोय, कारण हे इतरांनाही उपयोगी पडेल.

स्लोव्हेनियातल्या बोहिंज तळ्याला जा. ब्लेडला नाही. ज्या तळ्यात बेटावर चर्च आहे, ते ब्लेड. बोहिंज तिथून पुढे, डोंगरांच्या पोटात, ट्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात. तळं चार किलोमीटरहून थोडं लांब. मोटारबोटींना बंदी आहे, विजेवरची बोट तेवढी या टोकाहून त्या टोकाला जाते. काठावर हॉटेलांची भिंत नाही. सकाळी धुकं पाण्यावर बसलेलं असतं आणि नऊ-दहाच्या सुमारास कोणीतरी चादर ओढावी तसं निघून जातं.

मुख्य म्हणजे जायची वाट. म्युनिकहून साल्सबुर्ग, फिलाखमार्गे लुब्लियानाला जाणारी थेट गाडी घ्यायची आणि येसेनित्सेला उतरायचं. साधारण पाच तास. तिथून डब्याडब्याची छोटी गाडी बोहिन्स्का बिस्त्रित्साला पाऊण तासात पोचवते. स्टेशनपासून तळं सहा-सात किलोमीटर, बस आहे. उन्हाळाभर या मार्गांवर कुठे ना कुठे दुरुस्ती चालू असते, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. नाहीतर मधल्या टप्प्यात बसमध्ये सामान चढवावं लागतं.

शेजारीणताई, तुमचे बाबा कोकण रेल्वेत होते ना? गणपतीत त्यांनी मला अर्धा तास पानवलच्या पुलाबद्दल सांगितलं होतं. मग त्यांना हे सांगा: ही छोटी गाडी ज्या मार्गावर धावते तो 1906 साली आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडच्या हस्ते सुरू झाला. होय, तोच, ज्याच्या खुनानंतर पहिलं महायुद्ध पेटलं. बोहिन्स्का बिस्त्रित्साच्या पुढे डोंगराखालून 6327 मीटरचा बोगदा आहे. डोंगरावरचा घाटरस्ता वळणावळणाचा, म्हणून लोक आपली मोटार चक्क आगगाडीवर चढवतात आणि बोगद्यापलीकडे उतरवतात. आपल्याकडे कोकण रेल्वेवर कोलाडला ट्रक चढवतात तसंच. पुढे सोल्कानला दगडी कमानीचा रेल्वेपूल आहे, कमानीचा गाळा 85 मीटर. दगडी कमानीच्या रेल्वेपुलांमध्ये जगात सगळ्यात मोठा. बाबा आणि नातीला एक दिवस त्या गाडीत बसवून द्या.

राहायला तळ्याच्या काठापेक्षा स्तारा फुझिना किंवा स्तुदोर गावात घर बघा. स्तुदोरला गवत वाळवायच्या छपरांच्या लाकडी मांडण्यांची रांगच आहे. सावित्सा धबधब्याला आईबाबांना नेऊ नका, पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. व्होगेल डोंगराची केबल कार मात्र थेट दीड हजार मीटरवर नेऊन सोडते, तीही चढण न चढता. आणि छत्र्या घ्या. पाऊस तिथे पाहुणा नाही, घरचाच आहे.

---

प्रेषक: वीझनची शेजारीण

बाबांनी तुमचा मेल दोनदा वाचून घेतला. 6327 हा आकडा वहीत लिहिलाय. आता दुसरीकडे जायचा प्रश्नच उरला नाही.

दोन शंका. आईबाबांच्या शेंगेन व्हिसावर स्लोव्हेनिया चालेल ना? आणि आई खाईल काय? पाच दिवस ब्रेड-चीजवर ती राहील, पण मला ऐकवत राहील.

---

प्रेषक: गार्शिंगवाला

चालेल. स्लोव्हेनिया 2007 पासून शेंगेनमध्ये आहे, युरोही तेव्हापासूनच. पण सगळ्यांचे पासपोर्ट आणि तुमची परवानगीची कार्डं मूळ जवळ ठेवा, झेरॉक्स नको. परतीच्या गाडीत सीमेवर पोलीस चढतात आणि आपल्या रंगाकडे त्यांचं लक्ष जरा लवकर जातं.

खाण्याचं: 'श्त्रुक्ली' मागा, पातळ पिठाच्या पोळीत ताजं चीज किंवा अक्रोड गुंडाळून उकडलेले. 'किस्लो म्लेको' म्हणजे आपलं विरजलेलं दही, थेट. कुट्टूच्या पिठाची 'झ्गान्त्सी' असते, उकडीसारखी, पण सांगितलं नाही तर वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पेरून येते. 'ब्रेझ मेसा', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द आईंना पाठ करून द्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद. मोहांत नावाचं तिथलं चीज आहे, त्याचा वास घरमालकिणीच्या फ्रीजपुरताच राहू द्या.

---

प्रेषक: वीझनची शेजारीण
विषय: उत्तर: आईबाबांना घेऊन शांत कुठे जावं? (जाऊन आलो)

मंडळी,

काल रात्री परतलो. पायरी धुतली. आता लिहिते.

पहिला दिवस फसला. स्तारा फुझिनाला संध्याकाळी सहाला पोचलो, घर सुंदर, खिडकीत लाल जिरेनियम, समोर डोंगर. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. आई खिडकीपाशी दहा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "कोणी राहतं का गं इथे?" रात्री तिला झोप लागेना. डोंबिवलीला घर लोकलच्या रुळांपासून फार लांब नाही, चाळीस वर्षं शेवटच्या गाडीचा आवाज झाला की डोळा लागायचा. इथे काहीच होईना. पहाटे दोनला दोघं स्वयंपाकघरात दिवा लावून बसलेली मला दिसली. बाबा म्हणाले, "शांतता चांगली आहे, पण जरा जास्त आहे."

मी रडकुंडीला आले होते, खोटं कशाला बोलू.

सकाळी घरमालकीणबाई ताजं दूध घेऊन आल्या. सत्तरीच्या असाव्यात. त्यांना मोडकंतोडकं जर्मन येतं, आईला अजिबात नाही. मी मधे दुभाषी. बाई माझ्या लेकीला आकडे शिकवायला लागल्या: एना, द्वे, त्री, श्तिरी, पेट. आईने मान वर केली. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेली बाई ती. पुढे कसं कोणास ठाऊक, पण बाईंनी सांगितलं की आमच्या भाषेत एक भाऊ 'ब्रात', दोन भाऊ 'ब्राता', आणि तीनपासून पुढे 'ब्रात्ये'. आई ताडकन उठली. "अगं, द्विवचन आहे यांच्यात! भ्राता, भ्रातरौ, भ्रातरः!" दहावीतल्या मुलांनी आयुष्यभर ज्याच्या नावाने बोटं मोडली, ते द्विवचन युरोपातल्या एका खेड्यात बाजारहाट करताना वापरतात, हे तिला खरंच वाटेना. त्यानंतर पाच दिवस मला दुभाषी म्हणून कोणी बोलावलं नाही. दोघी अंगणात बसायच्या, एकमेकींच्या भाषेत काहीबाही सांगायच्या, आणि वहीत लिहायच्या. 'मिद्वा' म्हणजे आपण दोघे, हे आईने बाबांना रोज संध्याकाळी ऐकवलं.

बाबांचं वेगळं. दुसऱ्या दिवशी त्यांना आणि लेकीला घेऊन बोगद्यातून पलीकडे गेलो. बाबांनी खिडकीला नाक लावून घड्याळ धरलं होतं. पलीकडे पोद्बर्दो आलं, तर अलीकडे ऊन होतं आणि इथे पाऊस. स्टेशनवर एका रेल्वेच्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलणं झालं. त्याने पाण्याच्या पन्हळीकडे बोट दाखवून समजावलं की या बाजूला पडलेलं पाणी सोचा नदीतून एड्रियाटिकला जातं आणि बोगद्याच्या त्या बाजूचं सावा-डॅन्यूबमधून थेट काळ्या समुद्राला. बाबा मला म्हणाले, "सह्याद्रीच. इकडचं अरबी समुद्राला, तिकडचं बंगालच्या उपसागराला." मग वही काढली. "6327. आपला कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा 6506. आपला मोठा." आणि लगेच, "पण यांनी 1906 ला केला, हे मान्य केलं पाहिजे."

सोल्कानचा पूल राहिला. बाबा त्यावर दोनदा उसासले आहेत, म्हणजे पुन्हा जावं लागणार.

बाकी तळ्याबद्दल गार्शिंगवाल्यांनी लिहिलंय तसंच आहे, मी भर घालत नाही. पाचपैकी दोन दिवस पाऊस. व्होगेलला वर गेलो तेव्हा ढगाच्या आत उभे होतो, तिकिटाचे पैसे ढगात गेले. कुट्टूची उकड आईला आवडली. तिला म्हटलं, आता घटस्थापना आहे, उपवासाला चालेल. ती म्हणाली, उत्तरेकडे चालतो कुट्टू, आपल्यात नाही, आणि वरईचा डबा बॅगेतून काढला. तो डबा कधी भरला मला माहीत नाही.

गाई डोंगरावरच्या कुरणांतून खाली आल्या होत्या. गाई उतरल्या की बोहिंजला 'गाईंचा नाच' नावाची जत्रा भरते, ती आमच्या आठवडाभर आधीच होऊन गेली होती. गाई मात्र घरामागच्या शेतात होत्या, गळ्यात मोठ्या घंटा. रात्रभर अधूनमधून टण... टण. तिसऱ्या रात्रीपासून आई गाढ झोपली. मला मात्र त्या घंटांनी जाग यायची.

परतीच्या गाडीत पोलीस चढले, पासपोर्ट बघितले, बाबांनी त्यांना करबुडेबद्दल सांगायचा प्रयत्न केला. मी थांबवलं.

कार्यवाहांना: मोदकपात्र सापडलं. आईला वाटलं ते माझंच आहे, म्हणून तिने ते वरईच्या डब्यासकट बॅगेत भरलं होतं. घरमालकीणबाईंनी त्यात आपले श्त्रुक्ली उकडून बघितले आणि त्यांना ते फार आवडलं. पात्र परत आलंय, लाल दोरा मात्र तिकडेच राहिला. मंगळवारी संध्याकाळी आणून देते.