श्रावणात तंबाखू सुटते, पोळा झाला की परत सुरू. यामागचं मानसशास्त्र कुणी सांगेल का?

वारणाकाठ:
आमचे आप्पा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. तंबाखू अगदी तरुणपणापासूनची. चंची कायम खिशात. जेवण झालं की बार, चहा झाला की बार, गाडी डेपोतून काढायच्या आधी तर ठरलेलाच. आई, मी, भाऊ, सगळ्यांचं सांगून झालं. पण श्रावण लागला की स्वतःच्या हातानं चंची देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवतात आणि महिनाभर तिकडे बघतसुद्धा नाहीत. चिडचिड नाही, बेचैनी नाही. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी चंची परत खिशात.

गेल्या हिवाळ्यात दातांच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा डाग बघितला आणि आजपासून बंद म्हणून बजावलं. तेव्हा मात्र घर डोक्यावर घेतलं. ताट सारून उठले, नातवावर ओरडले, आणि आठवडाही न काढता टपरीवर गेले.

माणूस तोच, तंबाखू तीच. भाऊ म्हणतो हे ढोंग आहे, मनात आणलं तर सोडू शकतात. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. शरीराला सवय लागली असेल तर श्रावणात त्रास व्हायला हवा ना? आणि महिनाभर न खाता राहिल्यावर सवय मोडायला नको का?

रानजाई:
मी कॉलेजात प्रायोगिक मानसशास्त्र शिकवते आणि एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशनाला बसते. तुमच्या भावाला नक्की सांगा, हे ढोंग नाही. जवळजवळ असाच प्रश्न तेल अवीव विद्यापीठातल्या रूव्हेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला होता.

धार्मिक ज्यू लोक शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, विस्तव पेटवत नाहीत. त्यामुळे रोज सिगरेट ओढणारा माणूसही तेवढा काळ ओढत नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशाच लोकांना तीन दिवसांबद्दल विचारलं: एक नेहमीसारखा सिगरेट ओढण्याचा दिवस, एक शब्बाथ, आणि एक कामाचा दिवस ज्यात संशोधकांच्या सांगण्यावरून सिगरेट बंद ठेवायची होती. शरीरातलं निकोटिन शब्बाथलाही उतरतं आणि त्या कामाच्या दिवशीही उतरतं. तरी तलफ आणि चिडचिड शब्बाथला स्पष्टपणे कमी होती.

मग याच गटानं विमानातल्या कर्मचाऱ्यांकडे बघितलं (2010). मला हा अभ्यास फार आवडतो, वर्गात दर वर्षी सांगते. तेच कर्मचारी, कधी चार-पाच तासांच्या उड्डाणावर तर कधी दहा-बारा तासांच्या. तलफ निव्वळ निकोटिन उतरल्यामुळे येत असेल तर चौथ्या तासाला ती दोन्हीकडे सारखीच हवी. तसं झालं नाही. छोट्या उड्डाणात विमान उतरायच्या सुमाराला तलफ शिगेला पोचली होती. लांबच्या उड्डाणात त्याच तासाला ती बरीच कमी होती, आणि तिथंही शिगेला पोचली ती विमान उतरायच्या वेळीच. तलफ ‘किती वेळ झाला’ याच्यापेक्षा ‘आता मिळणार का’ याच्याकडे जास्त बघते.

श्रावणात आप्पांच्या मनात हा प्रश्न उघडाच नसतो. उत्तर आधीच ठरलेलं आहे आणि ते त्यांनी स्वतः ठरवलेलं आहे. डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यावर तो प्रश्न दर चहाला नव्यानं उघडत राहिला: आज एक घेतली तर? कुणाला कळेल का? शिवाय चंची खिशात होती की घरात, हेही सांगा. माझ्या अनुभवात त्यानं फार फरक पडतो.

इंजिन४०७:
एवढं शास्त्र कशाला? दोन-तीन महिने कुठंतरी लांब नेऊन ठेवा, जिथं तंबाखू मिळतच नाही. आपोआप विसरतील. आमच्या ओळखीत एकाची दारू अशीच सुटली, दुबईला कामाला गेला तेव्हा.

वारणाकाठ:
रानजाई ताई, चंची खिशातच होती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण महिनाभर न खाऊनही सवय मोडत कशी नाही, ते अजून कळलं नाही.

रानजाई:
इंजिन४०७, तुमच्या म्हणण्याला पुरावा आहे, पण अर्धाच. व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक हेरॉइन घेतात हे कळल्यावर 1971 साली अमेरिकेत मोठी घबराट झाली होती. ली रॉबिन्स या संशोधिकेनं परत आलेल्या सैनिकांचा माग घेतला. तिथं असताना जवळजवळ पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले फक्त 5 टक्के पुन्हा आहारी गेले, तीन वर्षांत 12 टक्के. तेव्हा यावर कुणाचा विश्वास बसेना. त्याला कारणं बरीच होती, हेरॉइन घरी तितकं सहज आणि स्वस्त मिळत नव्हतं हे त्यातलं एक. पण त्यांना व्यसन लागलं होतं युद्धात, आणि परतले ते घरी. आप्पांना व्यसन घरी, डेपोत, टपरीवर लागलंय. त्यांना लांब नेलंत तरी परत आणणार तिथंच ना?

वारणाकाठ, तुमचा दुसरा प्रश्न माझ्या विषयाच्या गाभ्यातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निकोटिन थांबल्यावरचा शरीराचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे पोळ्यापर्यंत आप्पांचं शरीर जवळजवळ मोकळं झालेलं असतं. राहतं ते शिकलेलं. आणि शिकलेलं निव्वळ न वापरल्यानं पुसलं जात नाही, हे पावलोव्हच्या काळापासून माहीत आहे. अन्न न देता घंटा वाजवत राहिलं की कुत्र्याची लाळ थांबते. थोडा काळ जाऊ दिला आणि परत घंटा वाजवली की लाळ परत येते.

व्हरमाँट विद्यापीठातल्या मार्क बाउटन यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. एका पेटीत उंदराला एका आवाजाची भीती शिकवायची, कारण आवाजापाठोपाठ शॉक बसतो. मग दुसऱ्या पेटीत शॉक न देता तोच आवाज ऐकवत राहायचा. भीती जाते. उंदराला पहिल्या पेटीत ठेवलं की ती परत येते. जुनं शिकणं मोडलेलंच नसतं. त्याच्या शेजारी नवं शिकणं बसतं, आणि ते नवं शिकणं ज्या परिस्थितीत झालं तिलाच चिकटून राहतं. बाउटन म्हणतात की या परिस्थितीत नुसती जागा येत नाही, काळही येतो.

आप्पा दर श्रावणात अगदी मनापासून शिकतात, पण जे शिकतात ते एवढंच: श्रावणात खायची नाही. भाद्रपदाबद्दल त्यांचं मन काहीच शिकलेलं नसतं.

जागा शरीरातसुद्धा किती खोल शिरते त्याचं एक उदाहरण देते. कॅनडात शेपर्ड सीगल यांनी उंदरांना ठरावीक खोलीत हळूहळू वाढवत हेरॉइन दिलं आणि शेवटी एक मोठा डोस. नेहमीच्या खोलीत तो डोस मिळाला तेव्हा 32 टक्के उंदीर मेले, अनोळखी खोलीत 64 टक्के. नेहमीची खोली दिसली की शरीर आधीच तयारीला लागत होतं. डेपोत पाय टाकल्यावर ज्याचा हात खिशाकडे जातो त्याला ‘कमकुवत’ म्हणणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

आणि ‘लांब ठेवा, विसरतील’ याबद्दल आणखी एक. 2011 साली सिगरेट ओढणाऱ्यांना पैसे देऊन 7, 14 किंवा 35 दिवस बंद ठेवायला सांगितलं. दिवसभराची नुसती तलफ कमी होत गेली. सिगरेटशी जोडलेली चित्रं वगैरे दाखवली की उसळणारी तलफ मात्र 35 दिवसांच्या गटात जास्त निघाली. महिनाभर शांत राहिलेला माणूस टपरी समोर दिसल्यावर एकदम का हलतो, ते यातून कळतं.

तुळशीमाळ:
मी शास्त्र शिकलेलो नाही, स्वतःचं सांगतो. श्रावणात दारू मीही सोडायचो आणि गटारीला आधी भरून घ्यायचो. श्रावण संपेपर्यंत मनात दिवस मोजणं चालू असायचं. माळ घातली तेव्हा ते मोजणंच बंद झालं, कारण माळेला शेवटची तारीख नाही. वारीत सोबतची माणसं तीच, घरी आल्यावर गावच्या भजनातही तीच. ताई, आप्पांना कुणी सोबती आहेत का? एकट्यानं अवघड आहे.

रानजाई:
तुळशीमाळ दादा, विमानाचा अभ्यास हेच सांगतो: शेवट दिसायला लागला की तलफ चढते. सोबत्यांचंही खरं आहे. माळ घातलेल्या माणसाला कुणी ‘घे रे एक’ म्हणत नाही, त्यामुळे निम्मे प्रसंग येतच नाहीत.

वारणाकाठ:
आप्पांशी काल बोलले. भांडण न होता हा विषय घरात पहिल्यांदा निघाला. श्रावणात कसं जमतं विचारलं तर म्हणाले, “तेव्हा विचारच येत नाही गं.” या श्रावणापासून पुढे चालू ठेवायचं म्हणतात, पण पोळ्यानंतरची धास्ती त्यांनाही आहे. त्यांच्याबरोबरचे एक कंडक्टर काकासुद्धा तयार आहेत. नेमकं काय करायचं?

रानजाई:
सगळ्यांत आधी तो पांढरा डाग. श्रावणाची वाट बघू नका, याच आठवड्यात परत दाखवा. तिखट झोंबत असेल किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

श्रावणाचा उपयोग शरीराचा त्रास काढून टाकण्यासाठी होऊ द्या. खरं काम पोळ्यानंतर सुरू होतं असं धरा आणि त्यासाठी कंडक्टर काकांना आधीच सांगून ठेवा. चंची कप्प्यात ठेवू नका, घरातून घालवा. भाद्रपदातला चहा, जेवणानंतरची वेळ, डेपोतल्या जुन्या मंडळींच्या गप्पा, हे सगळं तंबाखूशिवाय व्हायला हवं, आणि ते जिथं नेहमी होतं तिथंच. दवाखान्यात बसवून तंबाखू दाखवायची आणि खाऊ द्यायची नाही, असे उपचार करून बघितलेत. कॉंक्लिन आणि टिफनी यांनी 2002 साली त्यांचा आढावा घेतला, फायदा दिसला नाही. दवाखान्यात शिकलेलं बहुतेक दवाखान्यातच राहतं. टपरीवर मात्र सुरुवातीला एकटं जाऊ देऊ नका.

मध्येच एखादा बार खाल्ला गेला तर घरात कुणीही ‘मोडलं ना शेवटी’ म्हणू नका. व्रत मोडलं, आता काय उरलं, या भावनेनं माणूस पुढचे दहा खातो. ॲलन मार्लट यांनी व्यसन परत लागण्यावरच्या कामात ही गोष्ट फार धोक्याची मानली होती. भावाला हे आधीच समजावून ठेवा.

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन 1800-11-2356 फुकट आहे. डॉक्टरांना विचारून निकोटिनचा च्युइंगगम घेता येईल. तो नेहमीच्या गमसारखा चघळत राहायचा नाही. हळू चावायचा, जिभेला चुणचुणलं की गालात धरून ठेवायचा, आणि चहानंतर लगेच घ्यायचा नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही आणि आप्पा म्हणतील याचा काही उपयोग नाही.