शब्दचर्चा: एस्प्रेसो की एक्स्प्रेसो?

लग्नाच्या रिसेप्शनला वाफेवर दूध फेसाळून वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली कॉफी मिळते तिला आपल्याकडे सगळे एक्स्प्रेसो म्हणतात, पण मेलबर्नला एस्प्रेसो मागितली तर दोन घोटांची काळी कडक कॉफी पुढ्यात येते. मूळ शब्द कुठला? आणि तिथली मंडळी तिला शॉर्ट ब्लॅक का म्हणतात?

—

मूळ शब्द इटालियन, एस्प्रेसो. एस्प्रिमेरे म्हणजे दाबून बाहेर काढणं, त्यावरून आलाय. शिवाय 'मुद्दाम, खास त्या गिऱ्हाइकासाठी' अशीही त्याला छटा आहे. फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये एक्स्प्रेसो लिहितात, त्यामुळे तो उच्चार अगदीच अडाणी म्हणता येणार नाही.

आता मेलबर्नचं. मिलानच्या बेझेरा नावाच्या माणसाने १९०१ला पेटंट घेतलेलं कॉफीचं मशीन वाफेच्या दाबावर चालायचं, कॉफी झटपट व्हायची पण जळकट लागायची. खरा फरक पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, गाज्जिया या दुसऱ्या इटालियनाच्या दांड्याच्या मशीनमुळे. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते, मग सोडला की ती स्प्रिंग गरम पाणी जोरात कॉफीतून रेटते आणि कपात वर तपकिरी सोनेरी फेस धरतो, तोच क्रेमा. आज बटणावर कॉफी होते तरी 'शॉट पुल करणं' (शॉट म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, पुल म्हणजे ओढणं) म्हणतात ते या दांड्यामुळेच.

आणि नेमक्या त्याच काळात इटलीतून माणसं लोंढ्याने ऑस्ट्रेलियात जात होती. तिथे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात पब संध्याकाळी सहाला बंद, हा नियम थेट १९६६पर्यंत होता, म्हणजे सहानंतर कुणाशी चार गप्पा मारायच्या तर बसायचं कुठे? ती जागा इटालियन लोकांच्या एस्प्रेसो बारने भरून काढली. मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवरचं पेलेग्रिनीज १९५४चं, दोघा पेलेग्रिनी भावांनी काढलेलं, अरुंद जागा, लांब काउंटर आणि समोर स्टुलं, अजून चालू आहे. इटलीत बार म्हणजे मुळात कॉफी प्यायची जागाच, आणि बारिस्ता म्हणजे काउंटरमागे उभा असलेला कुणीही, मग तो दारू ओतो नाहीतर कॉफी. इंग्रजीत गेल्यावर तो फक्त कॉफीवाला उरला.

शॉर्ट ब्लॅक, लाँग ब्लॅक ही नावं मला फार आवडतात, कारण त्यात गिऱ्हाइकाची भाषा आहे, दूध नको, कप छोटा की मोठा एवढंच सांगायचं. मशीन इटालियन, नाव तिथल्या लोकांचं. फ्लॅट व्हाइट, म्हणजे एस्प्रेसोत वाफेवर गरम केलेलं दूध, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला आणि तो सिडनीचा की वेलिंग्टनचा यावर अजून भांडणं चालतात.

—

मग लाटे, ती भरपूर दुधाची कॉफी? तो तरी इटालियन ना?

—

शब्द इटालियन, पण रोममध्ये नुसतं लाटे म्हणालात तर ग्लासभर दूध येईल, तिथे काफे लाटे असं पूर्ण म्हणावं लागतं. कापुचिनो हे नाव कापुचिन साधूंच्या तपकिरी झग्यावरून. मकियातो म्हणजे डाग पडलेली, काळ्या कॉफीत दुधाचा जरासा डाग. हा शब्द इथिओपियातल्या अदिस अबाबात आणि एरिट्रियातल्या अस्मारात रोजच्या बोलण्यातला आहे, पण तिथे इटालियन लोक पोटासाठी नाही, राज्य करायला गेले होते.

माझ्यापुरतं म्हणाल तर त्या काळ्या कॉफीला एस्प्रेसो लिहावं, आणि रिसेप्शनवाल्या कॉफीला एक्स्प्रेसोच राहू द्यावं. ती वेगळी चीज आहे आणि नाव चांगलं रुळलंय.