मदत हवी आहे: नाताळात न्यू मेक्सिको, २४ डिसेंबरची संध्याकाळ सांता फे की ताओस?

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरला राहतो. यंदा आई-बाबा नाशिकहून आलेत, त्यांना न्यू मेक्सिकोतला नाताळ दाखवायचाय. अडचण अशी की २४ डिसेंबरला संध्याकाळी दोन्ही मोठ्या गोष्टी एकाच वेळी असतात. सांता फेच्या कॅनियन रोडवर कागदी पिशव्यांत वाळू भरून आत मेणबत्ती लावतात, भिंतींवर आणि अंगणांच्या कडेला त्यांच्या रांगा असतात, वाटेत शेकोट्या आणि लोकांची गाणी. आईला हे ऐकूनच दिवाळीतल्या पणत्या आठवल्या. दुसरीकडे ताओस पुएब्लोत, म्हणजे ताओसजवळच्या मूळ अमेरिकन लोकांच्या वस्तीत, मातीच्या जुन्या घरांपुढे उंच होळ्या पेटवतात आणि मेरीची मूर्ती मिरवत नेतात. तिथे फोटोला मनाई असते, ती पाळायलाच हवी, आमची काहीच हरकत नाही.

मला मनातून ताओसला जायचंय. पण बाबांचे गुडघे दुखतात, आणि दोन्ही गावं सुमारे ७,००० फुटांवर, रात्री तापमान शून्याखाली. ताओसला गाडी ठेवल्यावर किती चालावं लागतं? बसायला जागा मिळते का? सांता फेला गर्दी कोणत्या वेळी कमी असते?

आणखी एक. आई-बाबा शाकाहारी आहेत. बिस्कोचितो, म्हणजे बडीशेप-दालचिनीची तिथली खास कुकी, पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत करतात. पोसोलेतही, म्हणजे मक्याच्या दाण्यांच्या रश्शात, डुकराचं मांस असतं. बटरमधली बिस्कोचितो आणि बिनमांसाची हिरवी चिली (हिरव्या मिरच्यांचा तिथला रस्सा) कुठे मिळेल? वयस्कर मंडळींना घेऊन कुणी गेलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.