चिंतेमुळे स्नायू आखडतात, फुरफुरतात, बोटे वळतात: त्या वेळी नेमके काय करावे?

प्रश्न
चिंता वाढली की मान-खांदे ताठरतात, जबडा आवळला जातो, पापणी किंवा पोटरी तासन्‌तास फुरफुरते. पॅनिक अटॅक जोराचा असेल तर मुंग्या येऊन हाताची बोटेच वळतात. या सगळ्याचे कारण एकच आहे का? ‘ताण घेऊ नका’ याच्यापुढचे काही सांगा.

प्रतिसाद १
कारण एकच नाही, म्हणून एकच उपाय सगळीकडे लागू पडत नाही.

बोटे वळण्याचे मूळ श्वासात आहे. घाबरल्यावर श्वास जलद होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्त किंचित अल्कधर्मी होते, त्यातले मोकळे कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटते आणि नसा चटकन उत्तेजित होतात. आधी ओठांभोवती व बोटांना मुंग्या, मग मनगट वाकते, बोटे ताठ होऊन एकत्र येतात, अंगठा तळव्याकडे ओढला जातो. फार भीती वाटते, पण श्वास संथ झाला की पेटका आपोआप सुटतो. बोटे जोर लावून उघडू नका.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘मोठा श्वास घ्या’ हा सल्ला. मोठ्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो! श्वास लहान हवा आणि संथ हवा. तोंड मिटून नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. म्हणजे मिनिटाला सुमारे ६ श्वास. हात पोटावर ठेवा, छातीऐवजी पोट हलले पाहिजे. निदान ५ मिनिटे करा. ४ जमत नसेल तर ३ आत, ४ बाहेर. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका. त्रास हृदयाचा किंवा फुप्फुसाचा निघाला तर ऑक्सिजन कमी पडून ते जिवावर बेतू शकते.

प्रतिसाद २
मान, खांदे, जबडा यांचे दुखणे वेगळे. तिथे स्नायू तासन्‌तास अर्धवट आवळलेले असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. म्हणून आधी मुद्दाम आवळायचे, मग सोडायचे. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या पद्धतीचा पाया घातला.

एक स्नायूगट ५ ते ७ सेकंद आवळा, एकदम सोडा, २० ते ३० सेकंद त्या सैलपणाकडे लक्ष द्या. क्रम: मूठ, दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. जोर निम्माच लावा. पोटरीसाठी पाऊल खाली ताणू नका, तिथेच गोळा येतो. बोटे नडगीकडे ओढा. रोज १५ मिनिटे, तीही मन शांत असताना. अटॅक आल्यावर पहिल्यांदा करून पाहिले तर बहुधा फसते, कारण शरीराला सवयच नसते.

जबड्यासाठी दिवसभरात अधूनमधून एवढेच पाहा: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला.

प्रश्नकर्ता
आणि पापणीचे काय? मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रतिसाद ३
पापणी बहुतेकदा अपुरी झोप, कॅफिन आणि डोळ्यांवरचा ताण यांनी लवते. दोन आठवडे दुपारनंतर चहा-कॉफी बंद ठेवा, झोप भरून काढा. सारखे आरशात पाहू नका. लक्ष ठेवल्याने चिंता वाढते आणि फुरफुर लांबते. मॅग्नेशियम कमी असेल तरच गोळ्यांचा उपयोग. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत.

हे मात्र चिंतेच्या खाती टाकू नका: हातापायातली ताकद कमी होणे, वस्तू हातून निसटणे, स्नायू बारीक होणे, गिळताना वा बोलताना अडखळणे. डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल, किंवा अचानक शरीराची एकच बाजू लुळी पडली, तर तडक रुग्णालय गाठा.

वारंवार पेटके येत असतील तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, थायरॉइड तपासून घ्या. तपासण्या नीट आल्या आणि त्रास चालूच राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. चिंतेवर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा) चांगला उपयोग होतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरून घेऊ नका. त्यातल्या काहींची सवय लागते आणि त्या अचानक बंद केल्या तर झटके येऊ शकतात.