विकायच्या घरावर सोलर बसवायचं की नाही?

गंगापूररोड
नाशिकला आमचं जुनं रो हाउस आहे. तळमजला अधिक एक, वर स्वतःची गच्ची, १९९८ चं बांधकाम. वडील गेल्यापासून आई आमच्याकडे पुण्याला असते, घर बंदच असतं, आणि दिवाळीनंतर ते विकायला काढायचं ठरलंय. धाकट्या भावाचं म्हणणं, रंगाचा एक हात मारा आणि मोकळे व्हा. मला ते पटत नाही.

माझा हिशोब ऐका. तीन किलोवॉटचं सोलर पावणेदोन-दोन लाखांत बसतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान मिळतं. म्हणजे खिशातून जातात लाख-सव्वा लाख. दिवसाला सरासरी बारा युनिट धरली तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास वीज होते. चार माणसांच्या घराचं बिल त्यात जवळजवळ पुसलं जातं. मग शेजारच्या गल्लीत असंच घर असलं तरी गिऱ्हाईक आमच्याकडे वळणार नाही का? वर तीन लाख जास्त मागितले तर काय चुकलं? मॉड्युलर किचनसाठी लोक मोजतातच की पैसे.

विरोधात मुद्दे असतील तर मांडा. 'तुमचं घर, तुमची मर्जी' छाप प्रतिसाद नकोत.

चावीवाला
मी नाशिकमध्येच घरं दाखवायचं काम करतो. गिऱ्हाईक काय विचारतं? पाणी किती वेळ येतं, गाडी दारात लागते का, कागद स्वच्छ आहेत का, पावसात गळतं का, कर्ज होईल का. वीजबिलाचा प्रश्न आलाच तर टोकन दिल्यावर येतो, तोही थकबाकी आहे का एवढ्यापुरता.

आणि तुमच्या तीन लाखांची खरी अडचण वेगळीच आहे. बँकेचा व्हॅल्युअर येतो, क्षेत्रफळ मोजतो, बांधकामाचं वय लिहितो, फोटो काढतो. त्याच्या रिपोर्टात सोलरचा वेगळा आकडा आलेला मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे ते तीन लाख कर्जात बसत नाहीत, गिऱ्हाइकाला पदरचे उभे करावे लागतात. आधीच स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, आमची दलाली भरून तो वाकलेला असतो. तिथे तुमचं सोलर पहिलं कापलं जातं.

पुट्टी, रंग, नळ, चांगले दिवे. ऐंशी हजारांत घर उजळतं. भावाचं ऐका.

फेज_न्यूट्रल
वीज खात्यातून निवृत्त आहे, म्हणून थोडं तपशिलात.

गंगापूररोड, मीटर कोणाच्या नावावर आहे? बहुतेक वडिलांच्याच. मग आधी वारसाच्या नावे नाव बदला, कारण योजनेतला अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच खात्यात जमा होतं. त्यानंतर अर्ज, बसवणी, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा), तपासणी. एवढं सगळं दिवाळीपर्यंत उरकलं, तरी घर विकल्यावर जोडणी आणि नेट मीटरिंगचा करार पुन्हा नव्या मालकाच्या नावे करायचाच आहे. कर्ज काढून बसवलं असेल तर तेही आधी फेडा.

दुसरं म्हणजे, घर बंद आहे. बंद घराचं बिल सोलरशिवायही किरकोळच येतं. गिऱ्हाइकाला तुम्ही कोणतं बिल दाखवणार? आणि सोलर बसवलं तरी शून्य युनिटच्या बिलात स्थिर आकार असतोच. 'वीजबिल नाही' अशी जाहिरात करू नका, पहिलं बिल आलं की तो माणूस तुम्हालाच फोन करील.

सोलर वाईट नाही. माझ्या स्वतःच्या गच्चीवर आहे. पण ते राहणाऱ्याचं काम आहे, निघून जाणाऱ्याचं नाही. घेणारा स्वतःच्या वापराप्रमाणे एक किलोवॉट बसवील नाहीतर पाच, आणि अनुदान स्वतः घेईल. त्याचा हक्क तुम्ही आधीच वापरून का टाकताय?

मंजिरी_ना
काका, शेवटचा मुद्दा मान्य. पण 'गिऱ्हाईक विचारत नाही' हे चावीवाल्यांचं म्हणणं आता जुनं झालं. आम्ही गेल्या वर्षी घर घेतलं तेव्हा मी प्रत्येक ठिकाणी बिल मागितलं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यात एप्रिल-मेची युनिटं पाहिली की घर किती तापतं याचा अंदाज येतो. एका ठिकाणी काकू म्हणाल्या, "आमच्याकडे एसी लागतच नाही." बिलात मे महिना डिसेंबरच्या तिप्पट होता. आम्ही चहा पिऊन निघालो.

फेज_न्यूट्रल
मंजिरीताई, बिल घराचं नसतं, माणसांचं असतं. दोन म्हातारी माणसं संध्याकाळी एका खोलीत बसतात, त्यांचं बिल कमीच येणार. तेच घर तीन कॉलेजकुमारांना द्या आणि मग बघा.

मंजिरी_ना
म्हणूनच फक्त आकडा नाही पाहायचा, उन्हाळा आणि हिवाळ्यातला फरक पाहायचा. माणसं बाराही महिने तीच असतात ना?

रेडिंगकर
इंग्लंडमध्ये हा वाद उद्भवतच नाही. घर विकायला काढलं की एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट लागतंच. ए ते जी अशी श्रेणी, दहा वर्षं वैध. तपासणारा येऊन भिंती, खिडक्या, बॉयलर, माळ्यावरचं इन्सुलेशन बघतो. तिथे कोण राहतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. फेज_न्यूट्रल म्हणतात तो घोळ त्यातून सुटतो. तुमच्याकडे पंख्यावर वीजबचतीचे तारे आहेत, फ्रिजवर आहेत, मग सेकंडहँड घरावर का नकोत?

चावीवाला
साहेब, इथे पार्किंगचा कागद मिळवताना नाकी नऊ येतात. अजून एक सर्टिफिकेट म्हणजे अजून एक टेबल. आणि तुमच्याकडे घर गरम ठेवायचा खर्च असतो. आमच्याकडे भांडण गच्चीच्या उन्हाशी आहे.

फेज_न्यूट्रल
चावीवाले, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी सहमत होतोय. भांडण गच्चीशीच आहे.

गंगापूररोड, तुमचं घर तळमजला अधिक एक, म्हणजे वरच्या खोल्यांच्या डोक्यावर थेट स्लॅब. पाच इंच काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री खोलीत सोडतं. रात्री दहाला छताला हात लावून बघा, कोमट लागेल. पंखा तीच गरम हवा खाली ढकलत असतो आणि एसीचा बराचसा जोर स्लॅब थंड करण्यात जातो. तुमचे लाख रुपये तिथे घाला. आधी जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा वॉटरप्रूफिंगचा थर, तपासा. पोकळ वाजतो तिथे उकरा, विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा नीट ढाळ देऊन करून घ्या, वर चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा पांढरा चायना मोझॅक. पन्हाळीची तोंडं साफ करा. पांढऱ्या तुकड्यांवरून ऊन परत जातं आणि गळतीचाही बंदोबस्त होतो. एका खर्चात दोन्ही कामं. पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून छज्जा किंवा चिकाचा पडदा टाका. पडदा आतून लावला तर ऊन आधीच घरात शिरलेलं असतं.

सोलरवाल्यांची अजून एक गंमत सांगतो. स्टँडचे पाय बसवताना गच्चीला ड्रिल मारतात. सगळे नाही, पण घाईतले मारतात. वॉटरप्रूफिंगला तिथे भोक पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे. तुम्ही तोवर पैसे घेऊन पुण्याला.

गंगापूररोड
मीटर वडिलांच्याच नावावर आहे, हे बरोबर ओळखलंत. पण चायना मोझॅक गिऱ्हाइकाला दिसणार कुठे? गच्चीवर दोन मिनिटं जातो माणूस. सोलर निदान गल्लीतून दिसतं. आणि पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग निम्म्यात होतो ना?

मंजिरी_ना
रंगाचं आम्ही करून पाहिलंय. पहिल्या उन्हाळ्यात फरक छान जाणवतो. मग धूळ, कबुतरं, वाळवण, शेवाळ. धुतला नाही तर दुसऱ्या वर्षी राखाडी. विकणाऱ्याला चालेल, राहणाऱ्याला नाही. आणि खाली कोबा फुटलेला असेल तर रंग म्हणजे नुसती मलमपट्टी.

'दिसणार कुठे' याचं उत्तर: घर दुपारी चारला दाखवा. बाकीचे सगळे विकणारे सकाळी दहाला बोलावतात, कारण त्यांना लपवायचं असतं.

चावीवाला
दुपारी चारला कोण येतं हो? लोक नोकरी करतात. रविवारी सकाळी पाच घरं एका दमात बघायची असतात त्यांना.

आणि हे कोबा उकरणं वगैरे ठेवा बाजूला. गळतीचा डाग असेल तर वाटर-रेझिस्टंट पुट्टी मारून दोन हात रंग द्या, पुढच्या जूनपर्यंत काही दिसत नाही. व्यवहार तोवर होतो. सगळेच करतात.

फेज_न्यूट्रल
सगळे करतात म्हणून ते चालतं असं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. मालमत्तेत महत्त्वाचा दोष आहे, विकणाऱ्याला माहीत आहे, आणि घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊनही तो सापडणार नाही, तर विकणाऱ्याने तो सांगायचा असतो. पुट्टीखाली दाबलेली ओल याहून वेगळी काय? सल्ला देताना जरा भान ठेवा.

चावीवाला
काका, चिडू नका. मग सांगून विका, किंमत पाडून विका. तोही एक मार्ग आहे. गंगापूररोडनी ठरवावं, लाख घालायचे की लाख सोडायचे. बंद घरात पुण्याहून येऊन कोब्यावर देखरेख कोण करणार, हाही विचार करा. मजूर दुपारी दोनला जेवायला गेले की थेट दुसऱ्या दिवशी उगवतात.

पंखेवाली_सून
मला एक वेगळंच सांगायचंय. वीजबचतीच्या नावाखाली काय जातं आणि काय राहतं हे साठेखतात लिहा. आमच्या विकणाऱ्यांनी घर दाखवताना चारही खोल्यांत बीएलडीसी पंखे दाखवले, "बघा, तीस वॉटचे, जुने पंचाहत्तर खातात." कौतुक केलं आम्ही. ताबा घेतला तेव्हा छताला नुसते हुक. वर सासरेबुवांनाच ऐकवलं की पंखे कधी घराबरोबर देतात का!

बचतीचा हिशोबही नीट करा. पंचेचाळीस वॉट वाचले, पंखा बारा तास चालला, तर महिन्याला सोळा युनिट. पण चारही पंखे बारा तास कुणाच्या घरी फिरतात? हॉल आणि एक बेडरूम, बस. दोन बदला, बाकी राहू देत.

गंगापूररोड
आईला मघाशी फोन लावला होता. ती म्हणाली, वरच्या मागच्या खोलीत दरवर्षी ऑगस्टमध्ये बादली ठेवावी लागायची. हे भावाला माहीत होतं, मला नव्हतं.

तेव्हा सोलर सध्या बाजूला. ३ किलोवॉटला पुरेल एवढी गच्चीची जागा मोकळी आहे आणि दक्षिणेला सावली नाही, एवढं जाहिरातीत लिहीन, ते खरंच आहे. पण पन्नास-साठ हजार जास्त मागायचा माझा हट्ट कायम आहे, गच्चीच्या नव्या कामाचे. चावीवाले, बिलं आणि काम चालू असतानाचे फोटो दाखवले तरी गिऱ्हाईक ते देणार नाही म्हणताय?

चावीवाला
पन्नास मागा, तीसला तुटेल. कोबेवाला हवा असेल तर मेसेज करा, सातपूरचा एक आहे. पण पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि पाणी भरून चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता अजिबात देऊ नका.

फेज_न्यूट्रल
पाणी निदान दोन दिवस साठवून ठेवा. आणि नाव बदलाचा अर्ज आजच टाका, घर विका नाहीतर ठेवा.